आधी बॉयलरची परीक्षा, मग पहिली फेरी

स्वतः बांधलेल्या वाफेच्या इंजिनामागे बसून एक फेरी मारायची, हा विचार घरी लेथ असलेल्या माणसाच्या मनात कधी ना कधी येतोच. बहुतेकांचा हा विचार चाकांपासून, सिलिंडरपासून, फार तर रंगापासून सुरू होतो. आमचे म्हणणे असे, की तो रुळापासून सुरू व्हावा आणि बॉयलरपाशी बराच वेळ थांबावा.

इंग्लंडात माणसे ओढणाऱ्या छोट्या गाड्या मुख्यतः साडेतीन, पाच आणि सव्वासात इंची रुळांवर चालतात. अमेरिकेच्या ईशान्येला सव्वासात इंच, तर पश्चिमेला साडेसात. पाव इंचाच्या या फरकामुळे एकीकडचे इंजिन दुसरीकडे धावत नाही. म्हणून रूळ आधी ठरवा. स्वतःचाच टाकणार असाल तर पाच इंची. माप दुप्पट झाले की वजन आठपट होते. पाच इंची, चार चाकांचे लहान टँक इंजिन दोघांना उचलता येते. सव्वासात इंचीला चेनपुली लागते. लहान मापाला ताकद नसते, हा समज तर १९२० च्या दशकातच मोडला. ‘एलबीएससी’ या नावाने लिहिणारे कर्ली लॉरेन्स यांनी ‘आयेशा’ हे कोळशावर चालणारे इंजिन अवघ्या अडीच इंची रुळावर माणसे ओढताना दाखवले. पुढे नवशिक्यांसाठी त्यांनी ‘टिच’ आखले. साडेतीन इंची, चार चाकांचे. आजही पहिल्या कामासाठी तो आराखडा उत्तम.

चाके आणि सिलिंडर यांची आम्हाला फारशी चिंता नाही. पॅटर्न नीट केला तर बिडाचे ओतकाम कोल्हापुरात उत्तम होते, आणि पुढचे काम तुमच्या लेथचे.

बॉयलरचे तसे नाही. तो तांब्याचा करावा आणि सांधे चांदीच्या डाकाने भरावेत. सहा किलो दाबाच्या वाफेचे तापमान १६५ अंशांच्या आसपास जाते आणि शिसे-कथलाचा साधा डाक १८३ अंशांपासून वितळू लागतो. म्हणजे ऐन कामाच्या वेळी तो अंगात जोर नसल्यासारखा असतो. चांदीचा डाक वितळायला सहाशे अंशांच्या वर जावे लागते. पाणी भरण्याची साधने दोन हवीत, एकमेकांवर न विसंबणारी: इंजेक्टर आणि हातपंप, किंवा आसावरचा पंप आणि हातपंप. लहान बॉयलरमधले पाणी बघता बघता उतरते, आणि फायरबॉक्सचे छत उघडे पडले की तांबे मऊ पडते.

चाचणी पाण्याने घ्यायची. नव्या बॉयलरवर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यावा. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. सांधा सुटला तर धार लागते, स्फोट होत नाही. हवेने चाचणी कधीही घेऊ नका. मग आग भरपूर पेटवून सेफ्टी व्हॉल्व्ह पाहावा: कामाच्या दाबाच्या वर दहा टक्क्यांहून अधिक दाब चढता कामा नये.

इतके बजावण्याचे कारण आहे. वॉल्ट डिस्नी यांनी १९५० मध्ये घराच्या आवारात सव्वासात इंची रूळ टाकला. त्यांचे ‘लिली बेल’ इंजिन त्यांच्या स्टुडिओच्या कसबी कारागिरांनी घडवले होते. १९५३ मध्ये गाडी रुळावरून घसरली, वाफेने एका लहान मुलीला भाजले आणि डिस्नींनी ती लाइन कायमची बंद केली. पैसा, कारागीर, जागा, कशाचीच तिथे उणीव नव्हती.

आपल्याकडे तर अधिक सावध राहायला हवे. १९२३ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या बॉयलर कायद्यात २५ लिटरहून कमी क्षमतेचे बॉयलर येत नाहीत, आणि पाच इंची इंजिनाच्या बॉयलरमध्ये तेवढे पाणी मावत नाही. म्हणजे निरीक्षक दारात येणार नाही. सव्वासात इंचीचा मोठा बॉयलर मात्र कायद्यात येऊ शकतो. त्याचा हिशेब तांबे कापण्याआधी करा. इंग्लंडातले क्लब आपल्या सभासदांचे बॉयलर स्वतः तपासतात, दाखला देतात, आणि दाखल्याशिवाय इंजिन रुळावर घेत नाहीत. हा नियम आपणही आजपासून पाळायला हवा. आपल्या गावातले दोघेतिघे जाणकार गाठा, खात्रीचा प्रेशर गेज आणि हातपंप यांची सामायिक सोय करा. ज्याने बॉयलर बांधला त्याने तो स्वतः पास करू नये, आणि लेखी दाखला हाती येईपर्यंत गाडीवर कुणाचेही मूल बसवू नये.