अंक निघतो, पण वाचक?

नियतकालिक एका दिवसात बंद पडत नाही. आधी ते थांबते. अंक निघत राहतो, मुखपृष्ठ बदलते, वर्गणीची स्मरणपत्रे जातात. पण नवा वर्गणीदार येत नाही, वाचकांची पत्रे आटतात आणि पंधरा दिवस उशीर झाला तरी 'अंक मिळाला नाही' अशी तक्रार कोणी करत नाही. माझ्या मते ही शेवटची खूण सर्वांत वाईट. तक्रार करणारा वाचक आपला असतो. गप्प बसणारा केव्हाच उठून गेलेला असतो.

हे लिहिण्याचे कारण घरचेच आहे. तालुक्याच्या गावातल्या आमच्या वाचनालयाचे एक छोटे मासिक आहे आणि त्याच्या संपादनाला मी हातभार लावतो. सध्या ते असेच थांबले आहे. येत्या वार्षिक सभेत ते चालवायचे की आटोपते घ्यायचे, हा विषय आहे. पण प्रश्न आमच्या एका मासिकाचा नाही. संस्थांची मुखपत्रे, गावोगावचे दिवाळी अंक, हौसेने सुरू झालेली त्रैमासिके, सगळ्यांच्या दारात तो आज ना उद्या उभा राहतोच.

अशा वेळी सुचवले जाणारे उपाय ठरलेले असतात. मुखपृष्ठ गुळगुळीत करा, पाने वाढवा, पुण्या-मुंबईच्या नामवंतांचे लेख मागवा, तरुणांसाठी 'काहीतरी' द्या. यातला एकही उपाय वाईट नाही. पण सगळ्यांचे डोळे अजून न आलेल्या वाचकाकडे लागलेले असतात. जो वाचक इतकी वर्षे टिकून राहिला, तो का राहिला, हे त्याला कोणी विचारत नाही. घरात बसलेल्या पाहुण्याला पाणी न विचारता दारात नव्या पाहुण्याची वाट पाहण्यातला हा प्रकार आहे.

मराठी नियतकालिकांचा इतिहास या बाबतीत बरेच शिकवतो. लोखंडी नांगरांसाठी प्रसिद्ध असलेल्या किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. मूळ हेतू कारखान्याची वार्ता देण्याचा. कारखान्याचे पत्रक म्हणूनच ते राहिले असते तर आज कोणाला आठवलेही नसते. पण या पत्रकातून 'किर्लोस्कर' हे मासिक उभे राहिले आणि पुढे १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडेही आली. नांगर घेणाऱ्याच्या घरात बायको असते, शिकणारी मुले असतात, त्यांनाही वाचायला हवे असते, इतकी साधी गोष्ट त्यामागे मला दिसते. आहे त्या वाचकाच्या घरात आणखी आत जाणे, ही वाढीची पहिली वाट.

दुसरी वाट औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. गंगाधर पानतावणे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' सुरू केले. दलित लेखकांची एक पिढी त्या त्रैमासिकाने उभी केली. लेखक-वाचकांचे मेळावे भरवले. तिथे वाचक नुसता वाचक राहिला नाही, तो लिहिता झाला. ज्या अंकात आपले किंवा आपल्यासारख्याचे लिखाण येते, तो अंक माणूस रद्दीत टाकत नाही. शेजाऱ्याला दाखवतो.

तिसरे उदाहरण 'साधना' साप्ताहिकाचे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या या साप्ताहिकाची धुरा १९९८ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी घेतली आणि २०१३ मध्ये त्यांची हत्या होईपर्यंत सांभाळली. त्या काळात बालकुमारांसाठी स्वतंत्र दिवाळी अंक काढून तो अल्प किमतीत शाळाशाळांपर्यंत नेला गेला. 'मुले वाचत नाहीत' म्हणून हळहळत बसण्यापेक्षा मुले जिथे आहेत तिथे अंक नेऊन ठेवणे, यातच सगळे आले.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रत्येक नियतकालिक चाललेच पाहिजे असे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ पासून जेमतेम सात वर्षे निघाली, पण मराठी गद्यावरचा तिचा ठसा पुसला गेला नाही. काम झाले असेल तर मानाने निरोप घ्यावा. नुसते नाव टिकवण्यासाठी काढलेला अंक म्हणजे वर्षश्राद्धाचे जेवण. येणारा येतो, पण भुकेने नव्हे.

मग आमच्या मासिकाचे काम झाले आहे का? मला तसे वाटत नाही. मोठ्या दैनिकात आमच्या गावातल्या जुन्या तालमीचा इतिहास येणार नाही. बाजारपेठेतला कोणता वाडा कोणाचा होता, दुष्काळात कोणत्या विहिरीने गाव जगवले, हे तिथे कोणी छापणार नाही. व्हॉट्सअॅपवर येईल, पण आठवड्यात वाहून जाईल. सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत. ती गेली की आठवणीही गेल्या. खरी निकड ही आहे. वर्गणीदारांचा आकडा त्याच्या नंतर.

म्हणून सभेत मी मासिकाच्या बाजूने हात वर करणार आहे, पण काही अटींवर. पाने कमी करू, मात्र तारीख चुकवायची नाही. वाचकाची सवय पानांपेक्षा तारखेवर जडते. असलेल्या प्रत्येक वर्गणीदाराला गाठून एकच प्रश्न विचारू, 'तुम्ही सर्वांत आधी कोणते पान उघडता?' ज्या पानाचे नाव कोणीच घेणार नाही ते बंद करू, मग तिथे अध्यक्षांचे मनोगत का असेना. दोन पाने वाचकांना देऊ. शाळेतल्या मुलांना म्हाताऱ्यांकडे पाठवून त्यांच्या आठवणी लिहून घेऊ. मुलाचे नाव छापून आले की घर वाचते, हा अनुभव कोणालाही विचारा. आणि जुन्या अंकांतले उत्तम ते पुन्हा छापू. नव्या वाचकाला ते नवेच असते.

वर्षभराने हिशेब मांडू. वर्गणी किती वाढली हे खजिनदार सांगतीलच. मी मात्र एवढेच पाहीन, की अंकाला दोन दिवस उशीर झाला तेव्हा किती जणांनी वाचनालयाच्या दारात येऊन आमच्याशी भांडण काढले. आणि तुमच्या घरीही असा एखादा छोटा अंक येत असेल, तर आज रविवार आहे. त्याच्या संपादकाला चार ओळी लिहून टाका. कौतुकाच्याच हव्यात असे नाही.