बोरच्या डोंगराची वाट : गावातून निघावी, गावातच परत यावी

वर्धा : पहिले दोन-चार पाऊस झाले की सेलू आणि कारंजा (घाडगे) तालुक्यांतला डोंगरपट्टा हिरवागार होतो. मग रविवारी नागपूर-वर्ध्याकडून पोट्ट्यांच्या गाड्या यायला लागतात. कुणाला धबधबा पाहायचा असतो, कुणाला टेकडीच्या माथ्यावर उभं राहून रील काढायची असते. धारेधारेने चालत जायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरून संध्याकाळी गाडीजवळ यायचं, असा एका दिवसाचा ट्रेक आता सगळीकडे वाढतोय. सह्याद्रीत हे जुनंच आहे. आपल्याकडे मात्र एक मोठा फरक आहे. आपल्या डोंगरात वाघ राहतो, आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी आपली वावरं आहेत.

म्हणून ट्रेक चांगला की वाईट, एवढ्यावर ही चर्चा थांबत नाही. ही वाट कुठून निघणार, कुठं संपणार आणि तिच्यावर ताबा कुणाचा, हे आधी ठरायला पाहिजे.

डोंगर कोणता, कायदा कोणता?

वर्धा जिल्हा तसा सपाट, कापूस-सोयाबीनचा. पण उत्तरेकडे सातपुड्याचे फाटे खाली उतरलेत. जुन्या गॅझेटिअरमध्ये जैतगडची उंची 2,086 फूट नोंदलेली आहे. सह्याद्रीच्या मानाने ही उंची काहीच नाही. पण साग, सालई, तेंदू, मोहा आणि बांबूने भरलेल्या या टेकड्यांत वाघ, बिबट, अस्वल आणि रानकुत्रे आहेत.

बोर अभयारण्य 1970 मध्ये जाहीर झालं. तेव्हा क्षेत्र सुमारे 61 चौरस किलोमीटर होतं. पुढे नवीन बोर आणि त्याचा विस्तार जोडला गेला, आणि 2014 मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला. आज गाभा क्षेत्र, म्हणजे कोर, 138 चौरस किलोमीटर आहे. बफर धरून एकूण क्षेत्र 816 चौरस किलोमीटरच्या घरात जातं. म्हणजे कोरच्या जवळपास पाचपट जागा बफरमध्ये आहे. तिथं जंगलासोबत गावं आहेत, वावरं आहेत, ढोरं आहेत.

कोरमध्ये पायी फिरणं हा विषयच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. पर्यटकाला ठरलेल्या गेटमधून, ठरलेल्या वेळेत, गाडीतूनच जावं लागतं. बफरमधलं राखीव जंगलही मोकळं रान नाही, तिथंही वनविभागाची परवानगी लागते. “गुगल मॅपवर वाट दिसली म्हणून गेलो” हे उत्तर वनरक्षकासमोर चालत नाही, आणि वाघासमोर तर नाहीच.

पावसाळा दिसायला छान, चालायला धोक्याचा

लोकांना डोंगर जुलै-ऑगस्टमध्ये आठवतो. नेमका तोच काळ पायी फिरायला सगळ्यात वाईट. गवत कमरेच्या वर गेलेलं असतं, दहा पावलांवर बसलेलं जनावर दिसत नाही. पाऊस आणि नाल्याच्या आवाजात माणसाची चाहूल जनावराला लागत नाही. अस्वलाचं तर असं, की ते अचानक समोर आलं तर पळायच्या आधी अंगावर येतं. काळा दगड शेवाळाने निसरडा होतो. विजेचा धोका वेगळाच. विदर्भात दरवर्षी वीज पडून माणसं दगावतात, आणि उघड्या माथ्यावर उभा माणूस आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा उंच असतो.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. पारा 45 च्या पुढे जातो, टेकडीवर पाणी नाही, आणि वाघ उरलेल्या पाणवठ्याजवळच असतो. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये गावातल्या बायका पहाटे मोहा वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू होतो. त्या दिवसांत बाहेरची गर्दी नको. वाकून वेचणाऱ्या माणसाला आधीच धोका जास्त, त्यात गोंगाटाने जनावर बिथरून गावाकडे सरकलं तर त्याचा त्रास गावालाच होणार.

मग उरतात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने. गवत वाळून बसायला लागतं, हवा थंड असते, वाट दिसते. चालायचंच असेल तर हाच हंगाम.

तारांचा धडा

2017 मध्ये ब्रह्मपुरी भागातून पकडून आणलेली वाघीण बोरमध्ये सोडली होती. ती जिल्हाभर फिरली, माणसांवर हल्ले झाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑक्टोबरमध्ये शेवटी तिचा जीव गेला तो शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोरचा प्रसिद्ध ‘बाजीराव’ वाघ बाजारगावजवळ महामार्गावर गाडीखाली आला.

रानडुकरं पीक खाऊन टाकतात, म्हणून शेतकरी वैतागून तारेत करंट सोडतो. हे बेकायदेशीर आहे, तरी होतं. टेकडीवरून अंधारात उतरणाऱ्या अनोळखी पोराला कोणत्या धुऱ्यावर तार आहे, हे कसं कळणार? गावच्या माणसाला कळतं. म्हणून गावचा माणूस सोबत असलाच पाहिजे, आणि दिवस मावळायच्या बऱ्याच आधी, चारच्या आत, सगळ्यांनी खाली आलंच पाहिजे.

गोल वाटेचा फायदा कुणाला?

सफारीचा पैसा गेटभोवती फिरतो. जिप्सी घ्यायला भांडवल लागतं, रिसॉर्ट बांधायला त्याहून जास्त. दोन एकरवाला शेतकरी किंवा मजुरी करणारी बाई त्यात शिरूच शकत नाही. पायवाटेचं तसं नाही. त्याला लागतं ते भांडवल गावाकडे आधीपासून आहे : रानाची ओळख, एक चूल आणि सावली.

इथं वाट गोल असण्याला महत्त्व येतं. एका गावातून चढून दुसऱ्याच डांबरी रस्त्यावर उतरणारी वाट असेल, तर पाहुणा उतरला की गाडीत बसून निघून जातो. किती गेले, किती परत आले, याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. वाट त्याच गावात परत येत असेल, तर सकाळी वहीत नाव लागतं आणि दुपारी त्याच वहीत हजेरी होते. एक माणूस कमी भरला तर लगेच कळतं. सकाळचा चहा-पोहे गावात, दुपारचं झुणका-भाकर गावात. जाताना नेलेला प्लास्टिकचा कचरा परत मोजून घेता येतो.

हिशेब करून पाहू. समजा दिवसाला 20 माणसं, माणशी 300 रुपये शुल्क. दिवसाचे 6,000. महिन्यात शनिवार-रविवार मिळून आठ दिवस धरले तर 48,000. पाच महिन्यांचे 2 लाख 40 हजार. जेवणाचे पैसे वेगळे. एवढ्याने गाव श्रीमंत होणार नाही. पण चार-पाच वाटाड्यांची मजुरी सुटते, आणि उरलेल्या पैशातून सौर कुंपणाचं काम पुढे सरकू शकतं. जंगलाने पीक नेलं, तर थोडं तरी जंगलातून परत मिळतं.

दुसरीकडे काय झालं?

साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात गर्दी आवरेना, तेव्हा आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने कारभार हाती घेतला. शुल्क, ऑनलाइन बुकिंग, रोजच्या माणसांवर मर्यादा आणि गावच्या पोरांना काम, अशी पद्धत बसली. तिथंही वाद होतात, पण पैसा आणि नियम गावांच्या हातात आले.

आपल्या विदर्भात गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा व्यवहार ग्रामसभेकडे घेतला. बफरमधल्या गावांसाठी राज्य सरकारची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, गावपातळीवर समित्याही आहेत. म्हणजे कागदावर रस्ता आहे. अडतं ते ग्रामसभेत विषयच निघत नाही म्हणून.

आक्षेपही खरे आहेत

वनविभागाची भीती खोटी नाही. माणसं कमी, क्षेत्र मोठं, आणि एखादी घटना घडली तर जबाब त्यांनाच द्यावा लागतो. बोर हा पेंच, मेळघाट आणि उमरेड-कऱ्हांडला-ताडोबाकडे जाणाऱ्या वाघांच्या वाटेवरचा दुवा आहे. तिथं गोंगाट वाढला तर वाघ गावाकडे वळेल. गावकऱ्यांचंही म्हणणं असतं, “आम्हाला सरपणाला जायला अडवता आणि शहरवाल्यांना फिरायला सोडता?” हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पाहुण्याला वाट मिळणार असेल, तर गावाच्या चराई-सरपणाचा, मोह्याचा विषय त्याच बैठकीत सुटला पाहिजे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर सरकार 25 लाख देतं, पण घरातला माणूस त्याने परत येत नाही.

म्हणून वाट ठरवताना वाघिणीची पिल्लं असलेला भाग, पाणवठे आणि मोह्याची झाडं सोडूनच आखणी व्हावी. ती वनरक्षक आणि गावची जाणती माणसं यांनी सोबत चालून करावी. वाघाची हालचाल दिसली त्या दिवशी वाट बंद, आणि बंदचा निर्णय पैशासाठी फिरवायचा नाही.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

बफरमधल्या गावांनी पुढच्या ग्रामसभेत एवढं तरी विचारावं : आपल्या शिवारातून परवानगीने निघणारी गोल वाट शक्य आहे का? शुल्क कोणत्या खात्यात जमा होणार? वाटाडे कोण, त्यांचा विमा कोण काढणार? किती माणसं, कोणते महिने, किती वाजेपर्यंत?

तोपर्यंत टेकडीवर विनापरवाना चढणारी पोरं दिसली तर प्रेमाने थांबवावं. अडचण आली, जनावर दिसलं, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं.

समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, सेवाग्राम-पवनारला पाहुणे येतातच. डोंगराकडे गर्दी आज ना उद्या वाढणार. गावाने आधी नियम केले तर ती गर्दी गावाच्या हिशेबाने चालेल. नाही तर बाहेरचा कुणी येऊन तंबू ठोकेल, तिकीट फाडेल, आणि गावाच्या वाट्याला रिकाम्या बाटल्या राहतील.