दिवस मोजा, पण नियम आधी सांगा

पुण्यातला एखादा वेब डिझायनर सप्टेंबरच्या सुरुवातीला चियांग माईला जातो, चार महिने तिथे आणि तीन महिने बालीत राहून अमेरिकेतल्या ग्राहकांची कामे करतो. थायलंडमध्ये १८० दिवस न भरल्याने तो तिथला करनिवासी होत नाही, इंडोनेशियातही नाही. मग भारतात?

वर्षात १८२ दिवसांहून कमी काळ देशात राहिले की सुटलो, हा समज तरुणांमध्ये पक्का बसला आहे. तो घातक आहे. वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढलेला माणूसही निवासी ठरतो आणि जगभरच्या कमाईवर इथे कर देतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र ६० ऐवजी १८२ दिवसांची मुभा आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये या ‘नोकरी’त स्वतःचा व्यवसायही धरला, पण पर्यटनासाठी गेलेल्यांना वगळले. थायलंडने २०२४ मध्ये आणलेला डीटीव्ही व्हिसा तर काम आणि सुटी एकत्र धरूनच दिला जातो. अशा व्हिसावर गेलेला डिझायनर नोकरीला गेला की फिरायला? करनिर्धारण अधिकारी काय म्हणेल, हे त्याला नोटीस आल्यावर कळणार. १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली, तरी ही संदिग्धता कायम आहे.

बरे, तो अनिवासी ठरला तरी मोबदला थेट पुण्यातल्या बचत खात्यात जमा झाला, तर ‘भारतात मिळालेले उत्पन्न’ म्हणून कर लागू शकतो. परदेशी जहाजांवरच्या अनिवासी खलाशांचा एनआरई खात्यातल्या पगाराचा असाच प्रश्न केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ मध्ये एका परिपत्रकाने सोडवला. टाळेबंदीत इथे अडकलेल्यांच्या दिवसमोजणीलाही मे २०२० मध्ये सवलत दिली. मग या तरुणांसाठी दोन पानांचे परिपत्रक काढायला अडचण कोणती?

आम्ही करमाफी मागत नाही. भारतातून १५ लाखांहून अधिक कमावून कुठल्याच देशात करपात्र नसलेल्या नागरिकाला निवासी मानण्याची २०२० ची तरतूद योग्यच आहे. पण मोठ्या कंपनीकडे सल्लागारांची फौज असते, एकट्या कारागिराकडे ती नसते. दूरस्थ कामाच्या व्हिसावर जाणे म्हणजे ‘नोकरीसाठी देश सोडणे’ आहे की नाही, हे मंडळाने स्पष्ट लिहावे. तोवर जाणाऱ्यांनी पासपोर्टवरचे शिक्के, तिकिटे आणि ग्राहकांशी झालेले करार जपून ठेवावेत आणि सनदी लेखापालाला जुलैत नव्हे, तिकीट काढण्याआधी भेटावे.