अपलोड कोण मोजणार?

जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरण्याची २० तारीख जवळ आली की वाळूज-चिकलठाण्यातल्या लघुउद्योगांचे हिशेब रात्री उशिरापर्यंत चालतात. टॅली कारखान्यातल्या संगणकावर, अकाउंटंट कन्नडला किंवा पैठणला आपल्या घरी आणि दोघांच्या मध्ये दुरून संगणक हाताळू देणारे एनीडेस्क. रक्कम टाइप केली तरी पडद्यावर उमटत नाही. म्हणून पुन्हा टाइप करावी तर दोनदा उमटते. मग ती चूक शोधण्यात रात्र जाते.

दोष दिला जातो घरच्या नेटला. वास्तविक घरातून जातात ती केवळ कीबोर्डची बटणे आणि माऊसच्या क्लिक. त्यांचे ओझे नगण्य. जड असते ते पडद्याचे चित्र, आणि ते निघते कारखान्यातून. तिथला अपलोड तोकडा असेल तर घरी कितीही महागडा प्लॅन घेऊन उपयोग नाही. वॉलपेपर काढणे, रंग आणि रिझोल्यूशन कमी करणे याने बराच फरक पडतो, हे खरे. पण मूळ अडचण तशीच राहते.

विलंबाचेही तेच; दोष अंतराचा नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. कन्नड-वाळूज अंतर साठेक किलोमीटर. मुंबईचा वळसा पडला तरी जाण्यायेण्याला काही मिलिसेकंदच लागावेत. अर्धा-अर्धा सेकंद जातो तो बहुधा राउटरमधल्या रांगेत. त्याच जोडणीवर कोणी मोठी फाइल चढवत असले, की मागची क्लिक अडकून पडते.

सरकारच्या व्याख्येनुसार ब्रॉडबँडचा किमान वेग २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस होता, २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाला. दोन्ही वेळा मोजला तो डाउनलोड. सिनेमा पाहणाऱ्याला एवढे पुरेल. घरून नोकरी करणाऱ्याला अपलोड आणि विलंब यांची हमी हवी, आणि हे दोन्ही आकडे प्लॅनच्या जाहिरातीत ठळक छापण्याची सक्ती झाली पाहिजे.

लग्नानंतर तालुक्याला गेलेल्या, घरी आजारी माणूस असलेल्या कितीतरी जणींची नोकरी याच जोडणीवर टिकून आहे. ‘काम हळू होते’ असे त्यांना सुनावण्याआधी मालकांनी आपल्या कारखान्याचा अपलोड तपासावा.