कुलूप बदललं, किल्ल्यांचं काय?

राउटर आता घराघरांत आलाय. इंटरनेट बंद पडलं की त्याची आठवण होते, एरवी नाही. त्यात दोष निघाला तर "आम्ही दुरुस्ती वेबसाइटवर ठेवलीय, तुमचं तुम्ही बघा" असं कंपन्या म्हणतात. मला हे पटत नाही.

२०१८ सालचं उदाहरण घ्या. लाटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये मोठा दोष सापडला. पासवर्ड माहीत नसतानाही दूर बसलेल्या माणसाला आतली पासवर्डची फाईलच वाचता येत होती! कंपनीने एप्रिलमध्येच सुधारलेलं सॉफ्टवेअर दिलं. तरी त्या उन्हाळ्यानंतर ब्राझीलपासून सुरुवात होऊन जगभरात लाखाहून अधिक राउटर चोरांच्या ताब्यात गेले. लोक एखादं पान उघडत आणि त्यांचा संगणक नकळत चोरांसाठी आभासी चलन तयार करायला राबत असे.

ऑक्टोबरमध्ये एका रशियन भाषिक तंत्रज्ञाने जाहीर केलं, की लाखभर राउटरमध्ये परस्पर शिरून त्याने बाहेरून येणारी वाट बंद केली आणि आत निरोपही ठेवला. पन्नासेक जणांनी त्याला लिहिलं. थोड्यांनी आभार मानले, बाकीचे भडकले. राग रास्तच आहे, न विचारता घरात शिरून कुणी नळ दुरुस्त केला तरी तो शिरलाच ना! पण उरलेल्या हजारोंना काही घडल्याचं कळलंही नसावं, याची मला जास्त काळजी वाटते.

गोष्ट इथे संपत नाही. २०२१ मध्ये 'मेरिस' नावाचे प्रचंड हल्ले झाले. कंपनीने सांगितलं, हे राउटर २०१८ मध्येच फोडले गेलेले होते. सॉफ्टवेअर नवं घातलं तरी पासवर्ड जुनाच राहिला असेल, तर उपयोग काय? कुलूप दुरुस्त केलं, पण चोराकडची किल्ली चालूच!

आम्हा शिक्षकांना पल्स पोलिओची ड्यूटी असायची. लस तयार झाली म्हणून पोलिओ गेला नाही. माणसं दारोदार फिरली, करंगळीला शाई लावली, मूल राहिलेल्या घरावर फुली मारून पुन्हा तिथे गेली. तेव्हा कुठे २०११ नंतर आपल्याकडे नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही.

बिल थकलं की इंटरनेटवाल्याचा लगेच फोन येतो. मग दोष सापडल्यावर का येऊ नये? अपडेट आपोआप व्हावं, पासवर्ड बदलून द्यायला माणूस यावा, आणि राहिलेल्या घरांची यादी त्यांच्याकडे असावी. आपणही राउटर बसवायला आलेल्याला विचारावं : याचं सॉफ्टवेअर कोण बदलणार? पासवर्ड मूळचाच आहे का? हा बाहेरून उघडता येतो का?

उत्तर मिळेपर्यंत त्याला चहा द्या, पण सोडू नका!