ॲप नंतर बघू, आधी उधारी बघा

परवा आमच्या सांगलीकडची दोन पोरं घरी आली होती. दोघं मिळून हळद दळून पाकिटं विकतात. धंद्याला आठ महिने झालेत. प्रश्न एकच, "काका, हिशोबाला आणि पेमेंटला कुठलं ॲप स्वस्त पडेल?"

म्हटलं, आधी खर्चाची वही दाखवा. वही नव्हती. मोबाईलमध्ये जे होतं ते दाखवलं. त्यात जे दिसलं ते इथे लिहितोय, कारण ही गोष्ट त्या दोघांपुरती नाही.

पहिलं, बिलाचं सॉफ्टवेअर. महिन्याला दीड हजार भाडं आणि बिलं होतात तीस-चाळीस. म्हणजे एका बिलामागे चाळीस-पन्नास रुपये! एवढ्या कामाला एक्सेल पुरतं, नाहीतर साधी वही. रोज संध्याकाळी दहा मिनिटं बसायची सवय नसेल तर महागडं सॉफ्टवेअरही रिकामंच राहतं.

दुसरं, ऑनलाइन पेमेंट. वेबसाइटवर गेटवे लावलाय, साधारण 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 500 च्या ऑर्डरमागे 11 रुपये 80 पैसे गेले. कमी वाटतात ना? पण त्या ऑर्डरमध्ये पोरांना सुटतात 60 रुपये. म्हणजे नफ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिथेच गेला. तेच गिऱ्हाईक बँकेच्या क्यूआरवर आपल्या खात्यातून थेट यूपीआय करेल तर पूर्ण 500 जमा होतात, कारण 1 जानेवारी 2020 पासून अशा व्यवहारावर दुकानदाराकडून एमडीआर घेता येत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकांना क्यूआर पाठवा, गेटवे परगावच्या अनोळखी ऑर्डरींपुरता ठेवा. आणि धंद्याचं खातं वेगळं काढा. काढताना किमान शिल्लक किती आणि रोख भरण्याला चार्ज किती, हे दोन-तीन बँकांत विचारा.

इथपर्यंत सगळं चिल्लर होतं. खरं भोक तिसऱ्या पानावर सापडलं.

पोरांनी एक लाखाचं कर्ज उचललं होतं. रोज 1,200 रुपये, शंभर दिवस. "काका, वीसच टक्के आहे." अरे बाबांनो, मुद्दल रोज फिटत जातं, म्हणजे सरासरी पन्नासेक हजारच तुमच्या हातात राहतात, आणि त्यावर शंभर दिवसांत वीस हजार व्याज! वार्षिक दर काढला तर 130 टक्क्यांच्या पुढे जातो. बँक किंवा वित्तसंस्थेने कर्ज देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचं पत्रक द्यायचं असतं, त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे तो. पत्रक देत नसेल तर त्या दारातून परत फिरा. मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचं 'शिशु' आणि त्यापुढे 5 लाखांपर्यंतचं 'किशोर' कर्ज तारणाशिवाय मिळतं. खेटे घालावे लागतात, मान्य आहे. पण 130 टक्क्यांपेक्षा खेटे परवडले.

मग विचारलं, कर्ज घ्यायची वेळ का आली? तर एका मोठ्या हॉटेलवाल्याने तीन महिने एक लाख दहा हजार थकवलेत. "मागितले तर ऑर्डर बंद करतील."

आता बोला! माल यांचा, घाम यांचा, आणि बिनव्याजी पैसा वापरतोय तो. व्याज भरतायत ही पोरं.

याला कायदा आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. 2024 पासून तर वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. यासाठी उद्यम नोंदणी आधीच केलेली हवी. सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे, एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा, त्याखाली पैसे द्यायची तारीख लिहा. भांडायच्या आधी एवढंच करा, निम्मं काम होतं.

पण सगळा भार पोरांवर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. तक्रार केली की गिऱ्हाईक तुटतं, म्हणून कोणी करत नाही. कायद्यात सुविधा परिषदेने 90 दिवसांत निकाल द्यायचा म्हटलंय. मग प्रत्येक जिल्ह्यात किती तक्रारी आल्या, किती वेळेत निकाली निघाल्या, याचा फलक जिल्हा उद्योग केंद्राच्या दारावर का लावत नाहीत? स्टार्टअपचे मेळावे भरतात, फीत कापली जाते, फोटो येतात. त्याच मांडवात बिल कसं लिहावं आणि उधारी कशी वसूल करावी, यावर एक तास ठेवा की!

आणि आपल्यापैकी जे व्यापारी, कंत्राटदार, हॉटेलवाले हे वाचतायत, त्यांनी आज आपली देण्याची यादी उघडावी. त्यात एखाद्या नव्या पोराचं बिल अडकलं असेल तर सोडून द्या. तुमच्यासाठी तो महिनाभराचा उशीर असतो, त्याच्यासाठी रोजचे 1,200 असतात.

पोरांनी परवाच उद्यम नोंदणी केली. हॉटेलवाल्याला नम्र पत्र गेलंय. पैसे आले की कळवतो.