तिसऱ्या क्रमांकावर संयमच हवा



‘तिसऱ्या क्रमांकावर फटकेबाजच हवा’ हे आपल्या वाचकाचे मत पटत नाही. आपल्याच हुबळीच्या राजनगर मैदानावर २०१३ मध्ये संयमी फलंदाज चेतेश्वर पुजाराने भारत ‘अ’कडून वेस्ट इंडिज ‘अ’विरुद्ध नाबाद ३०६ धावा केल्या आणि संघ डावाने जिंकला. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडणे हा भित्रेपणा नव्हे. त्यामुळे गोलंदाजाला यष्ट्यांच्या रोखाने मारा करावा लागतो, तो दमतो, चेंडूची लकाकी जाते. धावगती मंदावते हा आक्षेप खरा. पण या संयमाचे फळ मागून येणाऱ्यांना मिळते. जानेवारी २०१९ मध्ये सिडनीत पुजाराने ३७३ चेंडू खेळून केलेल्या १९३ धावांच्या पायावरच ऋषभ पंतने नाबाद १५९ ठोकल्या. वीस षटकांच्या सामन्याचा हिशेब वेगळा. रणजी सामन्यात मात्र ही जागा चेंडू सोडता येणाऱ्यालाच द्यावी.

– एक क्रिकेटप्रेमी, धारवाड